पुष्याची फेरी

शनिवार, १२ ऑक्टोबर १९३५. जबलपूर

आज अकरा रोगी. नाडी नानांनी — माझ्या वडिलांनी — पाहिली, बाकी सगळं मी. हे या वहीशिवाय कुणाला ठाऊक नाही.

आमची पद्धत आता पक्की बसली आहे. रोगी नानांच्या समोर, मी नानांच्या उजव्या हाताला खलबत्ता घेऊन. नाना म्हणतात, जीभ दाखवा. मान पुढे करून पाहिल्यासारखं करतात. मी कुटायची थांबते आणि विचारते, "नाना, सुंठ घालू?" म्हणजे जीभ पांढरी. "हळद घालू?" म्हणजे डोळे पिवळे. गेरू म्हटलं की घसा लाल. ओमतीच्या ठाण्यातला एक हवालदार आज आला होता. वैद्य तपासतात आणि ही बाई मधेच हळदीचं काय काढते, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याची कावीळ मी तो जिना चढत असतानाच ओळखली होती!

नानांना डाव्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्याने समोरचं थोडं, तेही नळीतून पाहावं तसं. घरात सगळ्यांना वाटतं, वयामुळे जरा कमी दिसतं. किती कमी, ते मी आणि नाना जाणतो.

मोतीबिंदू आहे. नानांनी स्वतःच निदान केलं, दोन वर्षांपूर्वी. "पिकू दे. कच्चा कोणी काढत नसतं." तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांना अंजन घालते आणि बाहुलीत पाहते, पांढरी झाली का. अजून झालेली नाही. आज सकाळीही नव्हती, आणि मला बरं वाटलं. लिहून ठेवते. खोटंच लिहायचं तर वही ठेवावी कशाला?

रविवार, १३ ऑक्टोबर

विनता — श्यामसुंदरची बायको, माझी भावजय — अनरशांचे तांदूळ भिजत घालत होती. सहज म्हणाली, "वन्सं, नानांचे डोळे सुधरले की तुम्ही मोकळ्या व्हाल. मी एकटी किती करू? मला तुमचीच वाट आहे."

मनात काही नसतं तिच्या. सरळ बाई आहे. पण मोकळं होणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. सासरहून कुंकू पुसून परत आले त्याला चौदा वर्षं झाली. त्यातली बारा मी या स्वयंपाकघरात काढली. पाट्यावर वाटण वाटून वाटून माझी बोटं सोलली, पण कुणी मला कधी काही विचारलं नाही — भाजीत मीठ किती, एवढं सोडून. आता बडा फुहारा बाजारातल्या कापडवाल्याची बायको जिन्याखाली माझी वाट पाहत थांबते, नानांच्या आधी मला सगळं सांगते. दोनच वर्षं झाली याला. मला ती सोडवत नाहीत.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

दिवाकर रोगी गेल्यावर मागे रेंगाळला. नानांकडे तीन वर्षं शिकतो आहे. पाठांतर यथातथाच, पण नजर तीक्ष्ण. मला त्या नजरेची धास्ती वाटते.

"ताई, ते डोळ्यांचे डॉक्टर दिवाळीनंतर पुन्हा येऊन राहिले, नागपूरहून. आठ दिवस राहतील. माझे मामा त्यांच्याकडेच कंपाउंडर आहेत. मागच्या वर्षी सांगितलं होतं न तुम्हाला?"

सांगितलं होतं. दसऱ्यानंतर. मी म्हटलं होतं, नानांना विचारते. दोन दिवसांनी म्हटलं, नाना नाही म्हणतात — कच्चा आहे अजून, शिवाय वैद्याने डॉक्टरच्या सुरीखाली जायचं म्हणजे लोक काय म्हणतील.

मी नानांना विचारलंच नव्हतं.

त्यांचं उत्तर मीच ठरवलं आणि मीच दिलं. तेव्हा मनाची समजूत घातली की विचारून तरी काय, नाहीच म्हणणार. पण ते हो म्हणाले असते तर? पट्टी सुटली की जीभ तेच पाहणार, डोळे तेच पाहणार, आणि मी पुन्हा विनताच्या हाताखाली. या भीतीनं तोंड उघडलं नाही. स्वतःच्या बापाच्या बाबतीत! वर म्हणवून घेते रोग्यांची आई.

आजही दिवाकरला म्हटलं, "पाहू. पिकायला हवा न आधी." तो चपला घालून निघून गेला. मोतीबिंदू कुठे पळून जातो? सहा महिने इकडे तिकडे, त्यानं काय होतं?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

शालिग्राम देशमुखांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. बरगीकडचे मालगुजार, म्हणजे तिकडचे जमीनदार, नानांचे जुने रोगी. यंदा पुष्य नक्षत्र रविवारीच आलं आहे, तेव्हा पुष्याची फेरी झालीच पाहिजे. पंधरा-सोळा माणसं जमवली आहेत, आणखी शहरातले दोन वकील.

ही फेरी नानांची. शरदात मुळ्यांमध्ये गुण उतरतो, तेव्हा पुष्यावर मालगुजारांच्या रानात सगळ्यांना घेऊन जायचं, अर्धा कोस हिंडायचं, वनस्पती ओळखायच्या, दोन-तीन खणून आणायच्या. वीस वर्षं चाललं आहे. मागच्या वर्षी नाना गेले नाहीत. ताप आला म्हणून सांगितलं. यंदा पुन्हा ताप आला तर लोक समजायचं ते समजतील.

मी म्हटलं, नको जायला. नाना भडकले. "वैद्याला रान दिसेनासं झालं असं म्हणतील! मग माझ्या हातचं औषध कोण घेईल?" जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "आदल्या संध्याकाळी वनस्पतीला आमंत्रण द्यायला जाऊ, तेव्हा पावलं मोजून घेऊ. तू आणि मी."

मला युक्ती लगेच कळली. दोघं हसलोही. पण मला जेवण गेलं नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर. बरगी, मालगुजारांची कोठी

छोट्या आगगाडीने आलो. धूळ, कोळशाचे कण, आणि दिवाकरची नजर!

रीत अशी की जी वनस्पती न्यायची, तिला आदल्या संध्याकाळी आमंत्रण द्यायचं. हळद-कुंकू, अक्षता, फांदीला लाल दोरा. "उद्या सूर्योदयाला न्यायला येतो, रोग्यासाठी ये," असं म्हणायचं. चोरासारखं खणून आणलं तर औषध लागू पडत नाही म्हणतात. या वेळी सोबत कुणी नसतं, वैद्य आणि त्याच्या घरचं एखादं माणूस. आमच्या पथ्यावर पडलं.

विहिरीपासून मोहाच्या झाडापर्यंत चाळीस पावलं. तिथे पायवाट वारुळाला वळसा घालून डावीकडे जाते. वळल्यावर बासष्ट. तिथे तेंदूवर चढलेली शतावरी, उजव्या हाताला. नानांनी तीनदा चालून पाहिलं. तिसऱ्या वेळी माझ्या खांद्याला हातही लावला नाही, बरोबर जाऊन उभे राहिले आणि काट्यांतून हात घालून वेल चाचपली. बोटांना रक्त आलं. चेहरा मात्र परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा.

दोरा मी बांधला. नाना मंत्र म्हणत होते, मी मनात म्हणत होते, उद्याचा दिवस पार पडू दे, पुढचं पुढे.

रविवार, २० ऑक्टोबर. बरगी, संध्याकाळ

 आजचं आजच लिहायचं.

पहाटे धुकं होतं. विहिरीपाशी सगळे जमले — वकील, मास्तर, दिवाकर आणि दोन विद्यार्थी, कोठीतल्या बायका. नाना पांढरी पगडी घालून ताठ उभे. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहणार, तेवढ्यात शालिग्रामजींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "वैद्यजी, आप मेरे साथ. आज मी तुमचा विद्यार्थी." आणि चालू लागले. मला त्यांच्या बायकोने, भानुमतीबाईंनी, आपल्याकडे ओढलं. "अनसूयाबाई, पुरुषांना जाऊ द्या पुढे. माझे गुडघे रात्रभर ठणकून राहिले, तुम्हीच सांगा काय करू."

तेव्हाच मी पुढे पाहिलं. कालची पायवाटच नव्हती! कमरेएवढं गवत कापून काढलेलं, दोन्ही बाजूंना झुडपं छाटलेली, मधून सरळ नवी वाट, वर पाणी शिंपडलेलं. माझा चेहरा पाहून भानुमतीबाई कौतुकाने म्हणाल्या, "वैद्यजींच्या पायाला काटा नको लागायला, म्हणून यांनी तांबडं फुटायच्या आधीच माणसं लावली. आठ जण लागले." नवी वाट मोहाच्या उजवीकडून जात होती. वळसा कुठे नव्हताच.

मी म्हटलं, मला नानांजवळ जायचंय. त्या म्हणाल्या, "जाल हो, घाई काहून?" आणि माझा दंड सोडला नाही. मोठ्या घरची बाई, हिसडा कसा मारू? माझ्या पुढे आठ-दहा पाठी होत्या, त्यांच्यापुढे ती पगडी. चाळीस पावलं झाली आणि पगडी जरा डावीकडे कलली. नाना वळू पाहत होते; शालिग्रामजींनी हात धरून प्रेमाने सरळ वाटेवर घेतलं. मीही मोजत होते. आता हाक मारावी, आता मारावी. हाक मारून म्हणू काय? नाना, थांबा, तुम्हाला दिसत नाही?

बासष्ट झाल्यावर नाना थांबले. हात सोडवून घेतला. खणखणीत आवाजात म्हणाले, "ही पाहा शतावरी. काल हिला आमंत्रण देऊन गेलो." आणि उजवा हात पुढे केला.

तिथे घाणेरी होती. गावातलं शेंबडं पोर ओळखेल ती. खरी शतावरी डावीकडे लांब, न कापलेल्या गवतात. तिचा लाल दोरा मला इथून दिसत होता.

 एका वकिलाने दुसऱ्याकडे पाहिलं. नानांची बोटं त्या खरखरीत पानांवर क्षणभर थांबली. मग त्यांनी पान चुरगळून नाकाशी नेलं, आणि हसले. "वास घ्या. ही घाणेरी. जो वैद्य हिला शतावरी म्हणेल, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका!"

हशा पिकला. शालिग्रामजी म्हणाले, "वाह वैद्यजी, क्या परीक्षा ली!" मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. असा हजरजबाबीपणा कुणाला जमेल? फक्त दिवाकर हसला नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण नानांना कळलं होतं की वाट चुकली आहे, आणि खरी शतावरी दाखवल्याशिवाय राहवेना. स्वतःच डावीकडे वळले. दोनच पावलं. छाटलेल्या झुडपाचा खुंट राहिला होता, त्यात पाय अडकला आणि नाना दोन्ही हातांवर पडले. पगडी घरंगळली, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर.

लोक धावले, पण नानांनी हाताने थांबवलं. बसल्या बसल्या पगडी शोधू लागले. हात डावीकडे जाई, उजवीकडे जाई. पगडी समोरच होती, पण त्यांच्या त्या नळीच्या नजरेबाहेर. अठरा-वीस माणसं उभी राहून बघत होती. हे पगडी उचलत का नाहीत, ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एकेकाच्या लक्षात येत गेलं. मी ते पाहिलं — एकेक चेहरा.

"अनसूये," नाना हळूच म्हणाले. "कुठे आहेस? मला काही दिसत नाही."

भानुमतीबाईंचा हात आपोआप सुटला.

मी पगडी त्यांच्या हातात दिली. शालिग्रामजी नानांजवळ वाकून म्हणाले, "वैद्यजी, आपने बताया काहून नहीं? मी वाट बदलली नसती." नाना म्हणाले, "तुमची काय चूक? तुम्ही माझ्या पायांची काळजी घेतली." मग मला म्हणाले, "तिला आमंत्रण दिलंय. न नेता जाता येत नाही. मला तिच्याकडे ने."

सगळ्यांच्या देखत मी त्यांचा हात धरून गवतातून घेऊन गेले. लाकडी खुंटीने त्यांनी मुळ्या खणल्या, मी माती बाजूला केली.  आणि एक गोष्ट लिहायलाच हवी, कितीही लाज वाटली तरी. चालताना सगळे माझ्याकडे पाहत होते. आता त्यांना कळलं होतं की इतके दिवस वैद्य कोण होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

गाडीत नाना डोळे मिटून बसले होते. झोपले असं वाटून दिवाकर माझ्याजवळ सरकला.

"ताई, मागच्या वर्षी नाना खरंच नाही म्हणाले होते?"

"हो," मी म्हटलं.

जबलपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. 

गुरुवार, २४ ऑक्टोबर

वाटलं होतं जिना ओस पडेल. उलट रोगी जास्तच! नाना नाडी पाहतात, मी उघड सांगते — जीभ पांढरी, डोळे पिवळे. सुंठ-हळदीचं नाटक संपलं. नाना पूर्वीसारखे थट्टा करत नाहीत. आज दोनदा औषध सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, तूच ठरव.

शनिवार, २६ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नानांच्या हाताला धरून दिवा लावला. ज्योत त्यांनी बोटाने शोधली. चटका बसला.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज विचारलं. अंजन घालताना बाहुलीत पाहिलं, अजून काळीच. तशीच उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "नाना, नागपूरचे डॉक्टर येणार आहेत. पिकलेला असो की नसो, दाखवू या."

मला वाटलं होतं, ओरडतील. शास्त्र काढतील. नाना म्हणाले, "चल. कधी?"

मी अंजनाची सळई पुसत राहिले. मग तेच बोलले. "मी वैद्य. डॉक्टरकडे न्या असं आपल्या तोंडाने कसं म्हणू? वाटायचं, घरातलं कोणी म्हणेल. श्यामसुंदरला ऑफिसातून सवड नाही. तू तरी म्हणशील. तू म्हणत नव्हतीस, तेव्हा समजलो, अजून पिकला नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

वर्षभर वाट पाहत होते. आणि मी त्यांच्या नावाने नाही म्हणून बसले होते.

खूप रडले, मागच्या अंगणात. विनताने विचारलं, काय झालं, वन्सं? म्हटलं, अंजनाचा हात डोळ्यांना लागला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दिवाकरच्या मामांनी उद्या सकाळची वेळ मिळवली आहे. ठरवलं आहे, उद्या टांग्यात नानांना मागच्या वर्षीचं सांगून टाकायचं. डॉक्टरांच्या दारात पोहोचायच्या आधी. मग शिव्या देवोत, तोंड न पाहोत. पट्टी सुटल्यावर मी स्वयंपाकघरात जाईन. जन्मभर वाटण वाटीन. त्यांना दिसलं म्हणजे झालं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

जाताना नाना खुशीत होते. माझ्याने बोलवलं नाही.

मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, हा पिकत नाही, पांढरा होत नाही. आतल्या आत डोळा मारतो. नानांना विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? "दिसायची न, दोन वर्षांपूर्वी. हिला म्हटलं होतं मी." म्हटलं होतं. मी दिव्याचाच दोष समजून वात कातरली होती.

नानांनीच विचारलं, मागच्या वर्षी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, उजवा राहिला असता. आता उपाय नाही. दिवाकर जमिनीकडे पाहत होता. येताना टांग्यातही मी बोलले नाही.

घरी आल्यावर नानांनी हाताला धरून मला त्यांच्या गादीवर बसवलं. म्हणाले, "आजपासून तूच वैद्य."

दुपारपासून सात रोगी पाहिले. एकही निदान चुकलं नाही.